झिंगीची एकादशी

प्रयागबाईला माणसं आवडत नसत, आणि हे ती लपवतही नसे. जरीपटक्याच्या बाजारात मासोळ्यांचं टोपलं घेऊन बसली की येणाऱ्याजाणाऱ्याची लायकी काढणं हा तिचा जोडधंदा. कोणी भाव पाडून मागितला की म्हणे, "तुमाले मासोळी नाई पचनार भाऊ, वरनभात खा अन् झोपा." कालची मासोळी "आजचीच आहे, पोरीची शपथ!" म्हणून खपवताना जीभ जराही अडखळायची नाही. नवरा गेलेला, ती पोरगी कळमेश्वरला दिलेली. घरात उरली एक मांजर. नाव झिंगी, म्हणजे बारकी कोळंबी, पण मासोळ्यांची मुंडकी खाऊन खाऊन उशीएवढी फुगलेली. तिला वाढल्याशिवाय प्रयागबाई स्वतः घास घेत नसे.

सत्तरच्या दशकात तळ्याकाठच्या बंगल्यांना भूतदयेची उबळ आली आणि त्यासाठी एक मंडळ निघालं. शोभाताई मंडळाच्या अध्यक्ष, त्यांचे वकील यजमान शरच्चंद्र उपाध्यक्ष, म्हणजे घरच्या घरी दया. तळ्याच्या मधोमध एक चिमुकलं बेट होतं. बेवारशी कुत्री-मांजरं पोत्यात भरायची आणि डोंग्यातून तिथं नेऊन सोडायची. कुत्री आणि मांजरं, एकाच बेटावर! वर खाणं काय, तर दूध-पोळी. प्रेमानं सगळे जीव सुधारतात म्हणे. कुत्री बिचारी पोहून परत यायची, आणि मंडळ त्यांना पुन्हा तितक्याच प्रेमानं पोत्यात घालायचं.

ज्याच्या गळ्यात पट्टा नाही तो जीव अनाथ, असा मंडळाचा नियम. झिंगीला कुठला आलाय पट्टा? प्रयागबाई बाजारात असताना दारातूनच उचलली.

सांगायला आला तो तिचा दीर रुपराव. मंडळाचा डोंगा तोच हाकायचा.

"वहिनी, झिंगीले मीच नेलं वं. पोत्यात होती, मले काय ठाऊक? ओरडली तवा ओळखलं."

"अन् वापस आनता नाई आलं, भैताडा?"

"डोंग्याच्या कुलपाची किल्ली ताईपाशी रायते. तू जाय, हात जोड. देतील."

"मी हात जोडू? त्या कुत्र्याले पोळ्या चारनारीले? मरून जाईन, पन जानार नाई!"

नाही म्हणजे नाही. रात्री मुंडकी तशीच वास मारत पडायची, सकाळी कावळे न्यायचे, पण बाईचा ताठा काही मोडेना. मग दशमीला रुपराव पुन्हा आला. उद्या निर्जला एकादशी. मंडळानं ठरवलं होतं की मुक्या जीवांनाही पुण्य घडावं. आज संध्याकाळपासून द्वादशीच्या पारण्यापर्यंत बेटावर दाणा जाणार नव्हता.

"कुत्रे आधीच खवळून राहिले, वहिनी. जाय लवकर."

आता मात्र प्रयागबाई उठली. नाक मुठीत धरून ती बंगल्यावर गेली. व्हरांड्यात शोभाताई उद्याचं पूजेचं साहित्य काढत बसल्या होत्या. प्रयागबाईनं खरोखरच हात जोडले.

"बाई, माही मांजर आहे ती. देऊन टाका."

"अहो, द्यायला आमची कुठे ना आहे?" शोभाताईंनी कमरेची किल्ली काढून पुढे धरली. "फक्त एक करा. देवासमोर शपथ घ्या, की तिला पुन्हा मासोळी चारणार नाही. तुमच्यामुळे त्या जिवाला पाप लागतंय."

झालं! ज्या बाईनं हयातभर पोरीच्या शपथा खाऊन मासोळ्या विकल्या, तिला एक खोटी शपथ जड होती का? हो म्हणायचं, किल्ली घ्यायची, आणि घरी जाऊन मुंडकं घालायचं. पण समोर ते तूपकट समाधान बसलेलं बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"पाप? मांजर मासोळी नाई खानार त काय तुमचा साबुदाना खाईन? आधी सोताच्या अकलेले पोळी चारा, बाई!"

शोभाताईंनी किल्ली पुन्हा कमरेला खोचली. "द्वादशीला या," त्या म्हणाल्या.

द्वादशीला पारणं उरकून मंडळ दूध-पोळी घेऊन निघालं, तेव्हा प्रयागबाई न विचारता डोंग्यात चढून बसली. कुत्री काठावर आलीच नाहीत. पोटं भरलेली होती, सावलीत लोळत होती. मांजरं निंबावर, अगदी शेंड्याला. बुंध्यापाशी झिंगी, अर्धी.

मंडळातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शोभाताई क्षणभर पांढऱ्या पडल्या, मग सावरल्या.

"एकादशीला देह ठेवला हो. थेट वैकुंठ! असं मरण माणसालाही मिळत नाही."

प्रयागबाईनं मांजर पदरात घेतली. मग शरच्चंद्रांकडे बोट करून म्हणाली, "मंग हे तुमचे एकादशीले गेले, त पेढे वाटजा, बाई."

एवढं बोलून ती डोंग्यात जाऊन बसली.

मंडळाला तिथंच सोडून रुपरावानं डोंगा परत हाणला. प्रयागबाईला वाटत होतं, शोभाताईला अजून चार शिव्या हासडाव्या. पण तोंड उघडलं की दशमीला समोर धरलेली ती किल्लीच आठवे. शेवटी ती मांडीवरच्या गाठोड्यावरच खेकसली.

"साऱ्या मांजरी चढल्या झाडावर, तुले काय झालं होतं वं, सटवे? इतकं खायाले कोनं सांगतलं होतं तुले? कोनं?"

रुपराव वल्हं मारत राहिला. काठ आला तरी ती झिंगीला बोलतच होती.