चोळपुरमच्या पंचवीस विहिरी

“कंप्युटर येतो म्हणे सुनेला! दारात धड कोलम घालता येत नाही.”

हे सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. मी दाराआड, हातात कॉफीचा टंबलर. लग्नाला तीनच आठवडे झालेले, मार्गळी महिना तोंडावर. त्या महिन्यात कुंभकोणम्‌ला रोज पहाटे दारात ठिपक्यांची ही मोठी रांगोळी लागते, आणि गल्ली ती बघून सुनेला मार्क देते! आता माझ्या अकलेचं काय सांगू? मी ठरवलं, ऑफिसात सराव करायचा.

ऑफिस भूजलाचं. विहिरींच्या परवान्यांचे नकाशे तेव्हा नुकते कंप्युटरात चढत होते. ट्रेसिंग पेपरवर एक ठिपका म्हणजे एक विहीर. ठिपक्यावर यंत्र टेकवायचं, बटण दाबायचं, झालं. जेवणाच्या सुट्टीत चोळपुरमच्या कागदाचा एक कोपरा मोकळा दिसला. पेन्सिल घेतली. एक, तीन, पाच, सात, परत पाच, तीन, एक. काय देखणे आले हो! खोडून टाकू उद्या, म्हटलं.

उद्या कुठला? घरच्यांनी आम्हाला जोडीनं तिरुनागेश्वरम्‌ला दर्शनाला नेलं. माझ्या जागी बसलेल्या कामसू बाईंनी पंचवीसच्या पंचवीस विहिरी चढवल्या. मला पत्ता नाही!

महिन्याभरानं मामंजी नकाशा फडकावतच घरात शिरले. चोळपुरमच्या आमच्या केळीच्या बागेतली विहीर आटलेली, आणि नव्या बोअरचा अर्ज नामंजूर.

“आसपास पंचवीस विहिरी आहेत म्हणे! त्या शेजारच्या गोविंदरावानं चोरून खणल्या. तीस वर्षांची मैत्री, आणि हे?”

“अहो, पंचवीस खणेपर्यंत तुम्हाला आवाज आला नाही?” सासूबाईंनी विचारलं.

“दुपारी मी झोपतो, ठाऊक आहे त्याला!”

मी नकाशा पाहिला. माझ्या पोटात सव्विसावी विहीर खणली गेली. बोलावं तर सून संपली, न बोलावं तर केळी संपल्या.

सासूबाईंनी चष्मा चढवला. “पण काय रांगेत खणल्यात! हात किती बसलाय मेल्याचा!”

मामंजींनी खांद्यावर अंगवस्त्र टाकलं, गोविंदरावांची गचांडी धरायला निघालेच. एक पाय उंबऱ्याबाहेर. त्यांच्यासमोर तोवर मी ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे शब्द काढला नव्हता.

“थांबा मामंजी! गोविंदरावांनी काही केलं नाही,” मी म्हटलं. “सासूबाई, तो हात ह्या मेलीचा आहे. त्या विहिरी नाहीत. ते माझं कोलम आहे.”