पदार्थ तयार आहे

बाबांना मी एकच गोष्ट शिकवू शकले. फोनवरच्या खेळात स्वयंपाक करायला. हे लिहिताना थोडं विचित्र वाटतंय, पण खरं तेच आहे.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. कतारमधल्या अल वक्राहून मेट्रोने जाता-येता मी तो खेळ खेळायचे. बाबा एका कंपनीत एसी दुरुस्तीचं काम करायचे. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "तुझ्या अभ्यासातलं मला काही विचारता येत नाही. हे तरी दाखव. बोलायला काहीतरी होईल."

खेळात लढाया होत्या, राक्षस होते, पण बाबांना त्यात रस नव्हता. त्यांना आवडली ती चूल. जंगलातून कंद, मासे, मसाले गोळा करायचे आणि भांड्यात टाकून बघायचे. कशात काय घालायचं हे खेळ सांगत नाही. जमलं तर पाककृती आपल्या वहीत कायमची उमटते. चुकलं तर भांड्यातून एक काळा गोळा निघतो. इंटरनेटवर सगळ्या पाककृती मिळतात, पण बाबा बघायचे नाहीत. गोळे काढत राहायचे. आई म्हणायची, "घरात कधी चहा ठेवला नाही, आणि तिथे पंगती उठवतायत!"

"तिथे कोणी नावं ठेवत नाही," बाबा म्हणायचे.

खेळात आम्हा दोघांचं मिळून एक घर होतं. तिथे एक भट्टी होती. मोठे पदार्थ त्या भट्टीत खऱ्या घड्याळाने शिजायचे, काही तर कित्येक दिवस. शिजून झालं की घरातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप यायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी बाबा ड्युटीवर गेले आणि दुपारी त्यांच्या छातीत दुखू लागलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नंतरचे दिवस कसे सांगावेत मला नीट कळत नाही. गावी माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत त्याचं सगळं होऊन जातं. इथे तसं होत नाही. दाखला, दूतावासाचं पत्र, विमानातली जागा. हे सगळं होईपर्यंत बाबा शवागारात होते आणि आम्ही घरात. कागदपत्रांसाठी धावपळ करणारा कंपनीचा माणूस, ज्याला इथे मंदूब म्हणतात, रोज फोन करून सांगायचा, "इन्शाल्ला, कल हो जाएगा." तो भला माणूस होता. पण तो 'कल' काही येत नव्हता.

आईने चूल बंद ठेवली होती. मयत झालेल्या घरात अग्नी दिल्याशिवाय चूल पेटवत नाहीत. गावी तो एका दिवसाचा प्रश्न असतो, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. आमच्याकडे दिवसामागून दिवस गेले तरी गॅसचं बटण कोणी फिरवलं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी वसईच्या, हॉस्पिटलात नर्स. आम्हाला सुतक आहे म्हणून त्या वेगळ्या भांड्यात साधा वरण-भात करून आणायच्या. मी खायचे. आई डब्याचं झाकणसुद्धा काढायची नाही.

"ते तिथे थंडीत पडलेत," एवढंच म्हणायची.

आईला शुगर आहे. एके दिवशी ती बाथरूममधून येताना भिंतीला धरून खाली बसली. आंटींनी तिचं बोट टोचून शुगर बघितली, तिला साखरेचं पाणी पाजलं आणि मला बाजूला घेतलं. "हे बघ बेटा, आज ही जेवली नाही तर मी हिला ॲडमिट करणार. मग विमान आलं तरी ही जायची नाही." डबा टेबलावर ठेवून त्या ड्युटीवर गेल्या.

मी आईची विनवणी केली. ओरडलेसुद्धा. ती भिंतीकडे बघत बसली होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मंदूब काय गो?" आईने पटकन विचारलं.

मी वाचलं. पदार्थ तयार आहे. खाली बनवणाऱ्याचं नाव होतं, बाबांनी खेळात घेतलेलं. 

"नाही. खेळातलं आहे."

"कसलं?"

खोटं बोलावं असं वाटलं, पण सुचलं नाही. "बाबांनी भट्टी लावली होती. ते शिजलंय."

आई भिंतीकडून माझ्याकडे वळली. "कधी लावली?"

"त्या सकाळी. जायच्या आधी."

"दारात बूट घालून उभे होते," ती हळूच म्हणाली. "फोनात बघत. मी ओरडले, यल्ला, चला लवकर, खाली गाडी आलीये. तर म्हणाले, आलो, एवढं ठेवून येतो." तिने कोपऱ्यातल्या त्यांच्या बॅगेकडे बोट दाखवलं. "मी बॅग उघडून बघितली होती. काय ठेवलं ते कळेना."

एवढे दिवस ती हेच शोधत होती हे मला माहीत नव्हतं.

"उघड बघू," ती म्हणाली.

मी खेळ उघडला. आमच्या घरातला जो खेळत नसतो, तो बाकावर बसलेला दिसतो. बाबांचं कॅरेक्टर भट्टीशेजारच्या बाकावर बसलं होतं. छाती वरखाली होत होती. आईने बोट पुढे केलं आणि काचेला न लावताच मागे घेतलं.

"श्वास घेतायत."

"सगळेच घेतात, आई. तसं बनवलेलंच असतं."

"काय ठेवलंय?"

"मेंढीचं मटण. कंदांबरोबर." हा पदार्थ माझ्या वहीत नव्हता. त्यांना तो कधी जमला, किती गोळ्यांनंतर, मला ठाऊक नाही. त्यांनी त्यात काय घातलं तेही मला अजून सापडलेलं नाही.

"सुतकात मटण!" आई म्हणाली, आणि तिच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं. मग लगेच, "काढ ते. करपेल."

"तिथे करपत नाही. खराबही होत नाही. काढलं नाही तर कायम तसंच राहील."

"कायम?" ती एकदम घाबरल्यासारखी दिसली. "नको, कायम नको. काढ."

मी काढलं. भट्टीतली आग विझली. पदार्थाचे दोन वाटे झाले, घरातल्या दोघांचे. माझा वाटा माझ्या पिशवीत आला, त्यावर बाबांचं नाव.

"आता खा," आई म्हणाली.

मी बटण दाबलं नाही. खेळात खाल्लेलं नाहीसं होतं, नावासकट. त्यांनी माझ्यासाठी केलेलं आता दुसरं काही येणार नव्हतं. हे मी तिला कसंबसं सांगितलं.

"ते बघत बसायला शिजवलंय का त्यांनी?" ती म्हणाली. आवाज रोजचा होता, मला ताटावर बसवताना असायचा तसा. "तू खा. मग मी खाते."

टेबलावर डबा होता. मी त्याच्याकडे बघितलं, तिच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं, आणि बटण दाबलं. माझं कॅरेक्टर जमिनीवर मांडी घालून बसलं, दोन-चार घास घेतले, तोंड पुसलं. पिशवीतली जागा रिकामी झाली. मला रडू आलं नाही. पोटात मात्र काहीतरी खरंच गेल्यासारखं जड वाटलं, आणि ते दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं.

आईने डबा ओढला. वरण-भात कालवला. पहिला घास तिने इतका वेळ चावला की मला वाटलं आता थुंकेल. मग गिळला.

"आणि त्यांचा वाटा?" तिने विचारलं.

"त्यांच्या पिशवीत गेला. तो मला काढता येत नाही."

तिने मान हलवली. "राहू दे त्यांच्याकडे. वाटेत लागेल."

आणि ती हळूहळू, डब्याच्या कडेला चिकटलेलं शीतसुद्धा न सोडता, सगळं जेवली.