मावशींचा आवाज आणि साडूंचा माहितीपट

माझे थोरले साडू या जगातल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत. अपवाद फक्त त्यांनी स्वतः रचलेल्या गोष्टींचा. कळंबला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची आणि तांब्याच्या तारेचा एकेक वेढा उलगडून दोष शोधायचा, हा त्यांचा धंदा. तीच सवय त्यांनी उरलेल्या दुनियेलाही लावली आहे. लग्नपत्रिका आली की ती उजेडात धरून, छापलेल्या मुहूर्ताखाली दुसरा मुहूर्त दडलाय का ते बघतात. आमचं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं दिसलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "कुणाच्या सांगण्यावरून पुढं केलंय?" माझ्या मुलीचा शाळेत दुसरा नंबर आला, तर हे पहिला नंबर आलेल्या मुलीच्या आजोबांची चौकशी करून आले.

अशा माणसाच्या हाती चांगला कॅमेरा असलेला मोबाइल पडला आणि त्यांनी माहितीपट काढायला घेतला. विषय होता त्यांच्या माकणीच्या मावशी. मावशी उमेदीच्या काळात देवीची आराधी गाणी म्हणायच्या. एकदा टेपरेकॉर्डर घेऊन एक माणूस गावात आला, त्यानं त्यांची तीन गाणी भरून घेतली, "कॅसेट पाठवतो" म्हणाला आणि पुन्हा कधी फिरकला नाही. इथपर्यंत सगळं खरं. पुढं देवीच्या गाण्यांची एक कॅसेट निघाली आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक जीपमध्ये, प्रत्येक चहाच्या हॉटेलात वाजू लागली. तिच्या कव्हरवर भरजरी लुगडं नेसलेली एक बाई होती. साडूंचं म्हणणं, अशी गायिका नव्हतीच. "फोटो एकीचा, नाव दुसरीचं आन् आवाज आमच्या मावशीचा. त्या गायिकेला आजवर कुणी भेटलंय का? न्हाय ना? मग?"

या 'मग'पुढं कुणाचं काही चालत नसे. अडचण एकच होती, पुरावा. एका रविवारी ते धाराशिवला माझ्याकडं आले आणि माझ्या गळ्यात मफलर गुंडाळू लागले. एप्रिल महिना होता. "साडूभाऊ," ते म्हणाले, "सत्य आपल्याकडं हाय. पुरावा तेवढा तुम्ही द्या." मग भिंतीकडं तोंड करून, घाम गाळत, मी एक निवृत्त ध्वनिमुद्रक झालो आणि घोगऱ्या आवाजात कबुली दिली, "होय, नाव बदलायला मलाच सांगितलं होतं." माझी बायको दारात उभी राहून म्हणाली, "दाजी, हे खोटं आहे." साडू कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "खोटं न्हाय, अंदाज हाय."

हा अंदाज मोबाइलवरून तालुकेच्या तालुके फिरला. परंड्याहून एकाचा फोन आला की त्या ध्वनिमुद्रकाला तो ओळखतो, माणूस पहिल्यापासून लबाडच. दुसऱ्यानं त्याला कुर्डुवाडी स्टेशनवर भीक मागताना पाहिलं होतं. सगळीकडून इतक्या शिव्या आल्या, की त्या माणसानं निदान माफी तरी मागायला हवी होती, असं मलाही वाटू लागलं.

शेवटी साडूंनी माकणीच्या देवळात, सभामंडपाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून भरदुपारी तो माहितीपट दाखवला. सगळा गाव जमला. मावशी पुढच्या रांगेत, ऐंशीच्या घरातल्या, पाठ ताठ. शेवटी कॅसेटमधलं गाणं वाजून माहितीपट संपल्यावर गावातले एक निवृत्त हेडमास्तर उठले. "तो ध्वनिमुद्रक सध्या कुठं असतो?" मी खांबाआड सरकलो. साडू म्हणाले, "सांगणार न्हाय. त्याच्या जिवाला धोका हाय." ते एका अर्थी खरंच होतं.

"आन् हे सगळं काढून टाका म्हणालात, तरी काढणार न्हाय," साडू पुढं म्हणाले. "माझ्या मावशीचा आवाज नेलाय. जोवर कुणी परत देत न्हाय, तोवर म्या बोलणार."

तेव्हा मावशी म्हणाल्या, "ह्यो आवाज माझा न्हाय."

साडू खाली वाकले. "मावशी, नीट ऐका. लई वर्सं झाली."

"ऐकलं की. माणूस आला हुता, गाणी घिऊन गेला, ते खरं. पर ही बाई नाकात गाती. म्या कवा नाकात गाईले का रं? माझ्या नावावर असलं गाणं लावू नगंस." मग त्यांनी सतरंज्या काढायला लावल्या आणि गायला सुरुवात केली. वरचा सूर लागला नाही. त्या थांबल्या, खाकरल्या आणि तीच ओळ खालून धरून पुढं गेल्या, कुणाची परवानगी घ्यावी लागत नसल्यासारख्या. साडू हात जोडून उभे होते. मोबाइल प्रोजेक्टरला जोडलेला; भरून घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.

माहितीपट त्यांनी काढून टाकला नाही. "मावशींना हे मान्य नाही" एवढी पाटी शेवटी जोडली. मावशी त्याच वर्षी थंडीत गेल्या. तेव्हापासून दर रविवारी दुकान बंद करून साडू गावोगाव जुन्या कॅसेटी धुंडाळतात. ती तीन गाणी कुणाच्या तरी कपाटात आहेत, असं त्यांचं ठाम मत आहे. परवा परंड्यात किल्ल्याजवळच्या एका घरी मीही सोबत होतो. त्या घरातली कॅसेट लावली, तर एक माणूस आपल्या लहान मुलीला गाणं शिकवत होता. ती चुकत होती, तो हसत होता. मी टेप बंद करायला हात पुढं केला, तर साडूंनी माझं मनगट धरलं. स्वयंपाकघरातून एक पन्नाशीची बाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. "दादा हायेत, माझे वडील," ती म्हणाली.

साडूंनी दोन्ही बाजू शेवटपर्यंत वाजू दिल्या.