भूमितीचे पेपर आणि ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात देवनागरी वाचता येणारी मी एकटी. बाकीची मंडळी मराठी बोलतात, पण चिठ्ठी लिहायची झाली तर तमिळमध्ये लिहितात. त्यामुळे हे मोकळेपणानं लिहिते आहे. थोरले दीर वाचतील अशी भीती नाही.

मी तंजावूरमध्ये शाळेत गणित शिकवते. वय बावन्न. करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा घरून शिकवायला कॉम्प्युटर हवा होता, आणि दुकानात एकच उरला होता, तोही गेमिंगचा: बाजूला काच, आत लाल दिवे. त्या लाल उजेडात मी दोन वर्षं त्रिकोणमिती शिकवली. पुढे शाळा उघडल्या, मशीन घरीच राहिलं, आणि एका उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यावर लॉरी चालवायला लागले.

लॉरीचा गेम. माल भरायचा, बर्फाळ डोंगरांतून शेकडो मैल न्यायचा, उतरवायचा. कोणाला मारायचं नाही, कोणी मागे लागत नाही. खऱ्या आयुष्यात मला स्कूटरही येत नाही. सत्तावीस वर्षं मी नवऱ्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसते आणि त्यांनी सिग्नल तोडला तरी गप्प राहते. गेममध्ये मात्र चोवीस टनांची लॉरी मागे घेत घेत अरुंद फाटकातून आत लावते.

नवऱ्याला हे ठाऊक होतं, पण पाहुण्यांना कसं सांगायचं? कोणी आलं की ते माझ्या खोलीचं दार ओढून घेत आणि आवाज खाली आणून म्हणत, "पेपर तपासते आहे." मी एप्रिलमध्ये पेपर तपासत होते, मे महिन्यात तपासत होते, शाळा सुरू होऊन एकही परीक्षा झाली नव्हती तेव्हाही तपासत होते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत माझ्या कष्टाळूपणाचा लौकिक झाला.

मग गेमची नवी आवृत्ती आली. माझ्या पडद्यावर बर्फ पांढऱ्या चौकोनांनी पडू लागला. वळणावर चित्र गोठायचं, आणि परत हलायचं तेव्हा लॉरी दरीत असायची. चौकशी केली तर कळलं, ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालं आहे, बदलावं लागेल.

दुकानदारानं विचारलं, "मुलासाठी का, मॅडम?"

मला मुलगा नाही. मी हो म्हणाले.

"मग मोठंच घ्या. मुलं नंतर कुरकुर करतात."

मोठंच घेतलं.

थोरले दीर वीज खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. घरातल्या ज्या वस्तूला वायर आहे ती त्यांच्या अधिकारात येते. जिला नाही तिच्याबद्दल ते फक्त सल्ला देतात. रविवारी आमच्याकडे जेवण झाल्यावर त्यांनी कार्डाचा खोका हातात घेऊन चारही बाजूंनी वाचला.

"पेपर तपासण्यास एवढं मोठं कशाला पाहिजे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पेल्याखालच्या डवऱ्यातल्या कॉफीकडे पाहिलं.

"भूमितीचे पेपर आहेत," ते म्हणाले. "आकृत्या असतात."

दिरांना ते पटलं. त्यांनी राहुकाळ टळू दिला, कमरेला टॉवेल घट्ट केला आणि कॅबिनेटची काच उघडली. आत कित्येक वर्षांची धूळ आणि एक पाल. पाल आमच्यापेक्षा जास्त घाबरली असावी. तिनं उडी मारली ती थेट त्यांच्या उजव्या मनगटावर.

काम थांबलं. अंगावर पाल पडली की कुठं पडली त्यावरून फळ असतं, आणि ते पंचांगात छापलेलं असतं. जाऊबाईंनी पंचांग काढून मनगटाचं फळ मनातल्या मनात वाचलं आणि पंचांग मिटलं. चाळीस वर्षं उघड्या तारांपाशी वावरलेला माणूस तडक न्हाणीघरात गेला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि घरी जाऊन निजला.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, लांबून चिमट्यानं आत चाचपून पाहिलं, आणि मग कार्ड बसवू लागले. बसेना. दोन बोटं लांब होतं. समोर हार्ड डिस्क ठेवायचा लोखंडी पिंजरा आडवा येत होता. त्यांनी तीनदा दाबून पाहिलं.

"कार्ड चुकीचं दिलं आहे," त्यांनी निकाल दिला. "परत कर. जुन्यावर तपास. आमच्या काळी मास्तर कंदिलावर तपासत होते."

नवरा म्हणाला, "अण्णा सांगतात तर..."

मी कार्ड खोक्यात परत ठेवलं. पण सोमवारी शाळेतून आल्यावर दोन व्हिडिओ पाहिले, जेवणाच्या टेबलावर जुनी साडी पसरली आणि मी मशीन खोलायला बसले. प्रत्येक वायरचा आधी फोटो काढला, मग ती सोडवली. मुख्य बोर्ड बाहेर येताना दोनदा थांबून पाणी प्यायले. शेवटी रिकामं कॅबिनेट उरलं. आतला पिंजरा चार रिवेटांनी ठोकलेला होता, आणि ते माझ्यानं निघण्यासारखे नव्हते.

रिकामं कॅबिनेट मांडीवर घेऊन ऑटोनं एका कारागिराकडे गेले. पितळी भांड्यांचे पोचे काढणारे सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी पत्र्याला टिचकी मारली.

"काय आहे हे, अम्मा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"कॉम्प्युटरची पेटी. आतला हा पिंजरा काढायचा आहे."

"त्यावर काय करता?"

पेपर तपासते हे तोंडापर्यंत आलं होतं. का कोण जाणे, म्हणाले, "लॉरी चालवते."

ते हसतील असं वाटलं. त्यांनी ड्रिल खाली ठेवलं.

"कोणता रूट?"

डोळे अधू होईपर्यंत एकोणीस वर्षं त्यांनी नागपूरपर्यंत लॉरी नेली होती. मी सांगितलं की रस्ता परदेशातला आहे, बर्फाचा, बहुतेक घाटच. माल लाकडाचा. त्यांनी विचारलं, घाट उतरताना गियर कोणता ठेवता? मी वरचा सांगितला. ते माझ्याकडे नापास झालेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसे बघत राहिले.

"ब्रेकवर उतरता? भरलेली लॉरी? अम्मा, खालच्या गियरवर उतरा. इंजिननं गाडी धरायची. ब्रेक तापला की संपलं."

मग त्यांनी चार मिनिटांत चार रिवेट उडवले आणि पिंजरा काढून माझ्या हातात दिला. कडा घासून गुळगुळीत केल्या. हात कापू नये म्हणून.

घरी येऊन फोटो बघत बघत सगळं परत जोडलं. कार्ड खटकन बसलं. तेव्हा शेवटची अडचण समोर आली. माझा मॉनिटर जुना. त्याची वायर निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंची. नव्या कार्डाला तसलं भोकच नव्हतं. घरात त्याला जुळणारा पडदा एकच होता: हॉलमधला टीव्ही. नवा मॉनिटर येईपर्यंत आठ दिवस लागणार होते.

आठ दिवस थांबायला हवं होतं. मी संध्याकाळी कॅबिनेट हॉलमध्ये नेलं. पडदा उजळला आणि बर्फ पडायला लागला, एकेक कण वेगळा. वायपर फिरत होते. लांबवर डोंगराच्या कडेनं एका लॉरीचे दिवे येत होते. मी कारागिराचं ऐकून खालच्या गियरवर उतार घेतला, आणि पहिल्यांदा ती लाकडं दरीत न जाता खाली पोचली. डोळ्यांत पाणी आलं. लाकडांसाठी, हे सांगायचीही लाज वाटते.

"ही कोणती भूमिती?"

मागे थोरले दीर आणि जाऊबाई उभे होते. नवऱ्यानं ओढून घ्यायला हॉलला दार नव्हतं.

"लॉरी आहे, भावोजी," मी म्हणाले. "वर्षभर हेच करते आहे."

जाऊबाई सोफ्याच्या कडेला टेकल्या आणि दोन मिनिटांनी म्हणाल्या, "केवढी थंडी आहे गं तेथे." दीर मात्र उभेच होते. घराण्याचं नाव, शिक्षिकेचा पेशा, माझं वय, यांवर ते बोलणार हे उघड होतं. त्यांनी घसा साफ केला.

"डावीकडे ठेव," ते म्हणाले. "समोरचा अंगावर येतो आहे."

"तिकडे उजवीकडून चालवतात."

"चूक आहे," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

नवा मॉनिटर आठव्या दिवशी आला. मी मशीन खोलीत न्यायला निघाले तर जाऊबाईंनी फोन करून विचारलं, रविवारपर्यंत थांबता येईल का. त्यांच्या बहिणीला बर्फ बघायचा आहे. रविवारी सात जण आले. दिरांनी सगळ्यांना काचेतून आतलं कार्ड दाखवलं आणि ते बसवायला किती त्रास पडला ते सविस्तर सांगितलं. मी मधे बोलले नाही. मला माल पोचवायचा होता.