सोनूकाकांना चालवणारी सून

सोनूकाकांना आम्ही प्रेमाने बसवून बसवून मारत होतो.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. आज मी रडणार नाही. आज मला ओरडून सांगायचंय!

वेवजीच्या आमच्या पाड्यावरचे माझे शेजारी. सगळं आयुष्य दगडखाणीत गेलं, छातीत धूळ भरली. टीबी तपासला, निघाला नाही. "मग काही नाही," म्हणून घरी पाठवलं.

माणूस अंघोळ करताना चार वेळा थांबतो, आणि काही नाही!

शेवटी डहाणूच्या एका डॉक्टरांनी नीट सांगितलं. फुफ्फुसाचा जुना आजार आहे. तोंडाने ओढायचा औषधाचा पंप घ्या, आणि श्वासाचा, चालण्याचा व्यायाम शिका. आठवड्यातून दोनदा, दोन महिने.

कुठे?

मुंबईत.

राज्याच्या सीमेपलीकडचं हॉस्पिटल जवळ, पण आपलं सरकारी उपचाराचं कार्ड तिथे चालत नाही. मुंबईची गाडी धरायची तर आधी पाड्यावरून हायवेपर्यंत चाला. म्हणजे चालायला शिकायचं, तर आधी चालता यायला हवं!

अंतर किलोमीटरमध्ये मोजणाऱ्यांनो, एकदा श्वासात मोजून बघा.

काकांची सून रमिला हट्टी. जीप करून एकदाच त्यांना मुंबईला घेऊन गेली. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी शिकवलेलं सगळं मोबाईलवर व्हिडिओ करून आणलं.

दुसऱ्या दिवसापासून काका अंगणात. ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून हळू श्वास सोडायचा. दहा पावलं. थांबायचं. पुन्हा दहा.

पाडा पेटला.

"आजारी म्हाताऱ्याला पळवते!"
"सासरा जड झालाय हिला."

मीही त्यातलाच. गावोगाव भाषणं ठोकणारा मी! एका सकाळी बघतो तर काका धापा टाकत चाललेत आणि ही मोबाईलमध्ये वेळ लावून शेजारी उभी.

"लाज वाटते का गं? आधी खुर्ची आण!"

रमिला मोबाईलमधली वेळ बघत राहिली.

काकांनी हात वर केला. श्वास जमवला.

"तुझ्याकडे श्वास भरपूर, म्हणून बोलतो. तिला काय बोलू नको. मला कापणीला वर जायचंय."

आमच्याकडे घरातल्या मोठ्याने पहिला विळा लावल्याशिवाय भातकापणी सुरू होत नाही. दोन वर्षं काकांना चार जण खाटेवर घालून टेकाडावरच्या शेतात न्यायचे.

"चौघांनी उचललं की वाटतं, हे लोक परत आणतात की नाय!"
स्वतःच हसले. हसता हसता खोकले.

२०१७ ची कापणी. काका चालत निघाले.

नऊ ठिकाणी थांबले. मी मोजलं, कारण काकांनी मला बोलायची बंदी घातली होती. मागून रमिला, "बाबा, घाई नको. भात कुठे पळून जात नाय."

पोचले! विळा लावला. पहिली मूठ उंच धरून मला म्हणाले, "आता दे भाषण."

मी विळा उचलला आणि कापायला लागलो.

व्यायामाने आजार बरा झाला नाही, खोटं सांगणार नाही. पण पुढच्या कापणीलाही ते स्वतःच्या पायांनीच गेले. त्यानंतर महिन्याभरात संपले.

आणि आज, मित्रांनो! आजपासून दर सोमवारी आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर हा व्यायाम शिकवणार. डहाणूहून फिजिओथेरपिस्ट येणार. वर्षभर खेटे घातले, अर्जावर पहिली सही रमिलाची.

आज पहिल्याच दिवशी सात जण आले. एक आजी टेकून बसल्या. "आम्हाला तपासायला बोलावलं ना?"

"नाय आजी," रमिला म्हणाली, "उठा. चालायचंय."

आजी कुरकुरत उठल्या. चालल्या!

डहाणू-तलासरीच्या प्रत्येक उपकेंद्रात हे हवं. भीक नाही, हक्क आहे. मागा!

सोनूकाका, तुम्हाला सगळ्या पाड्याचा भरल्या मनाने नमस्कार.