ते घोडे उंच नव्हते

लग्न करून मी इंग्लंडात लेस्टरला आले ती थेट यांच्या मामांच्या घरी. वरची खोली त्यांनी आम्हाला दिली होती. मामा हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले. यांना वेअरहाऊसमधली नोकरी त्यांच्याच ओळखीने लागली. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या रिसेप्शनला काय सांगायचं, बॉयलरचं कुठलं बटण चुकूनही दाबायचं नाही, बसमध्ये ड्रायव्हरला थँक यू म्हणून उतरायचं, हे सगळं मला मामांनी शिकवलं. आजही त्यांची आठवण निघाली की आधी हात जोडले जातात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्यांच्याबद्दलच आहे.

घरच्या अडचणीपायी नववीत माझी शाळा सुटली होती. मामांकडे येणारी मंडळी सगळी शिकलेली. चहाचा ट्रे ठेवताना कोणी मला काही विचारेल अशी भीती वाटायची. ट्रे ठेवून मी किचनमध्ये पळायचे आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मनात जुळवत बसायचे.

रविवार मात्र माझा होता. यांची रविवारी शिफ्ट असायची, मामी जेवून आडव्या व्हायच्या आणि मामा डीव्हीडी लावायचे. त्यांना इतिहासाचेच सिनेमे लागायचे. रोमन झाले, इजिप्त झालं, महायुद्धं झाली. मधेच ते रिमोटने चित्र थांबवायचे आणि मला समजावून सांगायचे, कोण राजा, कोणाशी भांडण, कशावरून. मी दर वेळी विचारायचे, "मामा, हे खरंच असं होतं?" ते म्हणायचे, "असंच होतं." झालं. मग आठवडाभर भांडी घासताना मी ते मनात घोळवायचे. शाळेत घोकून डोक्यात राहिलं नाही, आणि इथे न घोकता राहायचं. वाटायचं, सुटलेली शाळा देवाने मला सेटीवर बसवून परत दिली.

त्यातच तो मंगोलांचा सिनेमा आला. उंच, तुकतुकीत घोडे. टोकदार तंबू. माणसं खोगिराखालून कच्चं मांस काढून खात होती, आणि बायका कोपऱ्यात माना खाली घालून बसलेल्या. खान आला की त्या जमिनीला नाक लावायच्या. एकीला तर केसाला धरून ओढत नेलं. मी पदर तोंडाशी धरून विचारलं, खरंच असं होतं? मामांनी चित्र थांबवलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "असंच होतं. रानटीच लोक ते."

त्या सुमारास मला हॉस्पिटलच्या किचनमध्ये सकाळचं काम लागलं होतं, तेही मामांच्याच शब्दावर. पेशंटांचे ट्रे लावायचे. माझ्या शेजारी एक नवीन बाई आली, रुंद चेहऱ्याची, माझ्याच वयाची. कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, मंगोलिया. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. या देशात येऊन पहिल्यांदा असं झालं की समोरच्याने गावाचं नाव घेतलं आणि मला त्यातलं काही माहीत होतं. ब्रेकमध्ये मी तिच्यासमोर जाऊन बसले. माझं इंग्रजी मोडकं, पण त्या दिवशी अडलं नाही. तुमचे लोक कच्चं मांस खायचे, बायकांना तोंड उघडायची सोय नव्हती, फार सोसलं बायकांनी तुमच्याकडे, असं सगळं मी तिला मायेने सांगितलं. आणि वर म्हटलं, बरं झालं तू इकडे आलीस. माझंही बरंच झालं.

तिने कप खाली ठेवला.

"कोणी सांगितलं तुला हे?"

मी म्हटलं, माझे मामा, डॉक्टर आहेत. सिनेमातही बघितलं.

"माझी आजी असती तर तुझ्या मामाला पळीने मारलं असतं," ती म्हणाली. हसली नाही. मग तिने सांगितलं, की आजीचे घोडे बुटके होते, पिंपासारख्या पोटाचे, आणि ते थंडीत बर्फ उकरून गवत खायचे. तंबू गोल, नमद्याचा म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, आणि त्यात कोण कुठे बसणार ते आजी ठरवायची. त्या काळच्या एका खानाची विधवा काही वर्षं सगळं राज्य चालवत होती, हेही तिने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती ब्रेकला खिडकीपाशी एकटी बसू लागली.

मला वाईट वाटलं, पण माझा विश्वास तिच्यावर बसला नाही. आपल्या लोकांचं कोणाला वाईट ऐकवत नाही, म्हणून ती झाकते आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मामा खोटं कशाला सांगतील?

पुढच्या शनिवारी मामांचे दोन जुने डॉक्टर मित्र जेवायला आले. एक पिनरहून, एक कार्डिफहून. मी कोथिंबीर चिरत होते, मधलं दार उघडं होतं. पिनरवाल्यांनी तोच सिनेमा बघितला होता. त्यांनी विचारलं, कसा वाटला. मामा हसायलाच लागले.

"अरे, घोडे बघितलेस का? थेट रेसकोर्सवरून आणलेत. मंगोलांचं घोडं एवढंसं, आणि तंबू तर वाळवंटातले."

"आणि ते कच्चं मांस?"

"ती जुनी थाप. आणि बायका? त्या काळी इथल्या राण्यांना नसेल एवढा मान होता त्यांना. सगळ्यात कहर म्हणजे तो हिरो. खानाच्या तंबूच्या उंबऱ्यावर पाय देऊन भाषण करतो. खरा मंगोल असता तर तिथेच मुंडकं उडालं असतं. आपल्याकडे आई नुसती ओरडते."

तिघंही खूप हसले. त्या बाईने मला सांगितलेलं एक-एक मामांच्या तोंडून येत होतं, आणि वर उंबऱ्याचं जास्तीचं. मी विळीवरून उठले नाही. कोथिंबीर नको तितकी बारीक झाली.

माणसं गेल्यावर मी विचारलं. वाटत होतं, खोली सोडा म्हणाले तर कुठे जायचं. म्हटलं, मामा, मला तर तुम्ही असंच होतं म्हणालात.

ते क्षणभर गोंधळले. मग नेहमीच्या मायेने म्हणाले, "अगं, तू एवढी रंगून बघतेस. प्रत्येक ठिकाणी हे चूक, ते चूक करत बसलो तर तुझी मजा जाईल. आणि तुला कुठे परीक्षा द्यायची आहे?"

मामी टेबल पुसत होत्या. त्या न बघता म्हणाल्या, "पण विचारत होती ना ती."



सिनेमावाल्यांचा मला राग नाही. त्यांना मी ओळखत नाही, त्यांनी मला काही कबूल केलं नव्हतं. उंच घोडा पडद्यावर छान दिसत असेल. पण जो शेजारी बसलाय, ज्याला ठाऊक आहे, आणि ज्याला मी दर वेळी सरळ विचारतेय, त्याने मित्रांसाठी खरं राखून ठेवायचं आणि मला मजा द्यायची? त्या रात्री मी रोमन, इजिप्त, महायुद्धं सगळं मनात काढून बघितलं. त्यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, हे मला कळेना. माझी शाळा दुसऱ्यांदा सुटली, आणि या वेळी घरची अडचणही नव्हती.

सोमवारी मी खिडकीपाशी गेले. मामांना माहीत होतं, असं तिला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलून मांडीवर घेतला. मी बसले. मग मी विचारलं, तुमच्याकडेही उंबऱ्यावर पाय देत नाहीत का? ती म्हणाली, "नाही. तुमच्याकडेही?"

रविवारी मामांनी नेहमीसारखी डीव्हीडी लावली. मी बसले, न बसणं मला जमलं नसतं. किल्ल्याला वेढा पडला होता, भिंतीवरून उकळतं तेल ओतत होते. मामांनी चित्र थांबवलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. मी पडद्याकडेच बघत राहिले. ते थांबले.

"विचार की," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काही नाही मामा. चालू द्या."