नऊ नंबरची चिठ्ठी

कडूबाई मोजा तपासताना मोज्याकडे बघतच नसे. डावा हात कोपरापर्यंत आत घालायची, बोटं फाकवायची आणि नजर समोरच्या खिडकीवर. सुटलेला टाका बोटाला लागला की 'च्' करून मोजा मागच्या टोपलीत टाकायची. वाळूजच्या त्या मोज्यांच्या कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून नवीन लागलो होतो. मला वाटलं, बाई कामचुकार आहे.

"मावशी, जरा बघून काम करा," मी म्हणालो.

"डोळ्याला नक्षी दिसती भाऊ, भोक नाय दिसत. तुमच्या डिप्लोम्यात मोजे हातात देत्यात, का नुसती चित्रं दाखवत्यात?"

सगळं टेबल हसलं. मग तिनंच माझा हात धरून मोज्यात घातला. "आता डोळं मिटा. सावकाश. कुठं अडतंय?" अडलं तिथं खरोखरच टाका सुटला होता. पुढे मी जे काही शिकलो, ते त्या टेबलापाशी.

ती पाचोडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लहानपण लोकर कातण्यात गेलेलं, त्यामुळे धाग्याची तिच्या बोटांना उपजत समज होती. सून संगीता शेजारच्याच खुर्चीवर असायची. तिला हिनंच तयार केलेलं. संगीतानं एखादी गाठ सोडली की टेबलभर ऐकू जायचं, "संगे, ही गाठ पोराला टोचली तर ते शाळंत शिकंल का पाय खाजवत बसंल?"

आमच्याकडे एक पद्धत होती. डझनाच्या प्रत्येक गठ्ठ्यात तपासणाऱ्या बाईनं आपल्या नंबरची चिठ्ठी घालायची. पॅकिंगवाले गठ्ठा उघडून दोन-तीन जोड्या पुन्हा बघत. फक्त नऊ नंबरचा गठ्ठा उघडत नसत. नऊ म्हणजे कडूबाई. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

आता जे सांगतोय ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

शाळा उघडायच्या आधीचे, शाळेच्या मोज्यांच्या मागणीचे दिवस. एका मशीनची सुई वाकली होती आणि त्या मशीनवर विणलेल्या मोज्यांचा मोठा ढीग कडूबाईनं बाजूला काढून ठेवला. नात्यातल्या लग्नासाठी संगीता आदल्या दिवशीच गावी गेली होती, दुपारी कडूबाईही निघाली. जाताना म्हणाली, "भाऊ, ह्या ढिगाला हात लावू देऊ नका कुणाला. बोटापाशी समदे टाके सुटलेत." मी मान हलवली. तासाभरात ट्रक दारात आला. माल कमी पडत होता, शेठ फोनवर फोन करत होते आणि माझ्या बढतीचं बोलणं चाललेलं. टेबलावरच्या बायका जेवायला गेल्या होत्या. मी कडूबाईच्या डब्यातून मूठभर चिठ्ठ्या उचलल्या आणि त्या ढिगाचे गठ्ठे बांधून त्यांत घातल्या. पॅकिंगवर एकही उघडला गेला नाही.

पंधरा दिवसांनी माल परत आला. शेठनी केबिनमध्ये आम्हा तिघांना बोलावलं, कडूबाईला, संगीताला आणि मला. टेबलावर अंगठ्यापाशी उसवलेले मोजे आणि त्यांवर नऊच्या चिठ्ठ्या.

"चिठ्ठी माझी हाय," कडूबाई म्हणाली, "पण हे मोजे म्या पास केलेले नायत. म्या तर काढून ठिवले व्हते. भाऊंना ठाऊक हाय. भाऊ, सांगा की."

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

शेठ फार ओरडले नाहीत. "मावशी, वय झालं तुमचं. हात थकले. आता घरी बसा," एवढंच म्हणाले. बढती मला मिळाली. निरोप द्यायला मी फाटकापर्यंतही गेलो नाही.

पुढे कारखाना बंद पडला. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरापासून पाचोड काही फार लांब नाही, तरी तिथं जायला मला सोळा वर्षं लागली. गेल्या हिवाळ्यात आठवडी बाजारात ती सापडली. पुढ्यात मेथीच्या जुड्या, बाजूला संगीता. मी समोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "मावशी, त्या चिठ्ठ्या मी घातल्या होत्या."

ती जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. "मला काय सांगता? मला तव्हाच कळलं. हिला सांगा. घरात म्या डाळ निवडली तर ही पुन्यांदा निवडती. सोळा वर्सं झाली. तोंडानं एक शबुद बोलत नाय, पण सूप घेऊन बसती."

मी संगीताकडे वळलो आणि सगळं सांगितलं. ट्रक, बढती, चिठ्ठ्या, काही गाळलं नाही. मागून गिऱ्हाईक भाव विचारत होतं, तिकडं दोघींचंही लक्ष नव्हतं. सासूकडे वळून संगीतानं विचारलं, "आत्याबाई, मग तुम्ही मला घरी आल्यावर का नाय सांगितलं?"

"केबिनीत तुझ्यापुढंच सांगितलं व्हतं की," कडूबाई म्हणाली. "तू ह्यायच्या तोंडाकडं बघत व्हतीस."